सुझाना वेस्ली : राखेतून पुन्हा मांडलेली पाठशाळा

चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारी गुढी उभी राहते, पंचांगाचे श्रवण होते, कडुनिंबाचा प्रसाद वाटला जातो. याच शुभमुहूर्तावर अनेक घरांतून पाटीपूजन होऊन बालकाच्या विद्यारंभाचा संस्कारही केला जातो. बालकाचा पहिला गुरू म्हणजे त्याची माता, ही आपली पूर्वापार श्रद्धा. जिजाऊंचे नाव उच्चारताच तिची साक्ष पटते. हीच श्रद्धा सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एका ख्रिस्ती गृहिणीने आपल्या आचरणाने कशी सिद्ध केली, हे आजच्या दिवशी पाहणे उचित ठरेल. ती गृहिणी म्हणजे मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांची माता सुझाना वेस्ली.

सुझानाबाईंचा जन्म २० जानेवारी १६६९ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल ॲन्स्ली हे नामांकित धर्मोपदेशक होते आणि सुझाना हे त्यांचे पंचविसावे अपत्य. त्या काळी मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. परंतु पित्याच्या ग्रंथसंग्रहाच्या सहवासात त्यांची बुद्धी उत्तम फुलली. १६८८ साली सॅम्युएल वेस्ली या तरुणाशी त्यांचा विवाह झाला. पुढे लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ या गावी धर्मगुरू म्हणून सॅम्युएल यांची नेमणूक झाली आणि तेथेच सुझानाबाईंचा संसार मांडला गेला.

तो संसार सुखाचा नव्हता. पती विद्वान, काव्याचे व्यासंगी, परंतु व्यवहारात कच्चे. कर्ज सदैव मानगुटीवर बसलेले. १७०५ साली त्या कर्जापायी त्यांना लिंकनच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा सुझानाबाईंनी स्वतःच्या अंगठ्या त्यांच्याकडे पाठवून दिल्या. पतीने त्या परत केल्या. एकोणीस अपत्यांपैकी नऊ बालपणीच मृत्युमुखी पडली. जी दहा वाढली, त्यांत तीन मुलगे व सात मुली होत्या.

अशा घरात त्यांनी पाठशाळा मांडली. मूल पाच वर्षांचे झाल्याशिवाय त्याला अक्षर शिकवावयाचे नाही, हा नियम. विद्यारंभाच्या आदल्या दिवशी सारे घर आवरून प्रत्येकाची कामे वाटून दिली जात. सकाळी नऊ ते बारा व दुपारी दोन ते पाच या वेळात अभ्यासाच्या खोलीत कोणी पाऊल टाकावयाचे नाही, अशी सर्वांना ताकीद असे. पहिल्या दिवशी मुळाक्षरे पुरी व्हावयाची. दोन मुलींना दीड दिवस लागला, एवढाच काय तो अपवाद. दुसरे दिवशी बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून वाचनास आरंभ होई. बाराखडीच्या सोप्या पुस्तकाऐवजी थेट धर्मग्रंथच बालकाचे पहिले पुस्तक बनत असे.

मुलीला नीट वाचता येईपर्यंत शिवणकामास बसवावयाचे नाही, हा त्यांचा दुसरा नियम त्या काळी विलक्षणच म्हटला पाहिजे. अपराध कबूल करणाऱ्यास मार नाही, एका अपराधास दोनदा शिक्षा नाही, दिलेला शब्द मोडावयाचा नाही, अशीही त्यांची शिस्त होती. मात्र वर्षाच्या मुलालाही त्या छडीचा धाक दाखवीत आणि रडणे आले तरी ते हळू असावे, असा त्यांचा कटाक्ष असे. आजच्या मातेला हा कठोरपणा मानवणार नाही, आणि ते योग्यच आहे.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री या घरास आग लागली. सुझानाबाई त्या वेळी गर्भवती होत्या. ज्वाळांतून वाट काढताना त्यांचे हात व चेहरा होरपळला. पाच वर्षांचा जॉन वरच्या मजल्यावर अडकला होता. शेजाऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्याने जॉनला खिडकीतून बाहेर काढले. जीव वाचले, परंतु घर, ग्रंथ आणि सुझानाबाईंची टिपणे यांची राख झाली.

त्याहून मोठी हानी पुढे दिसून आली. नवे घर होईपर्यंत मुलांना निरनिराळ्या कुटुंबांत ठेवावे लागले. तेथे त्यांच्या वाणीत गावंढळपणा आला, नको ती गाणी तोंडी बसली, प्रार्थनेचा नेम सुटला. अनेक वर्षांच्या परिश्रमाने लावलेली घडी काही महिन्यांत विस्कटली. दुसरी एखादी माता येथेच खचली असती.

सुझानाबाईंनी विटांच्या नव्या घरात पाठशाळा पुन्हा मांडली, आणि ती पूर्वीपेक्षा अधिक भक्तियुक्त केली. अभ्यासाचा आरंभ व शेवट आता स्तोत्रगायनाने होऊ लागला. सायंकाळी पाच वाजता थोरले भावंड धाकट्याला जवळ घेऊन बसे आणि त्या दिवसाची स्तोत्रे व नव्या करारातील एक अध्याय त्याला वाचून दाखवी. जळालेल्या टिपणांच्या जागी त्यांनी मुलांसाठी धर्मतत्त्वांचे विवरण नव्याने लिहिले. त्यांपैकी ख्रिस्ती श्रद्धेच्या मूलसूत्रांवरील लेखन जानेवारी १७१० मधील असून ते एका कन्येस पत्ररूपाने लिहिलेले आहे.

या कथेत भारतभूमीचाही एक धागा गुंफलेला आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी येथे १७०६ पासून कार्य करणाऱ्या डॅनिश मिशनऱ्यांचा वृत्तांत १७११-१२ च्या हिवाळ्यात या घरी वाचला गेला. त्या वाचनाने सुझानाबाई भारावून गेल्या. दूरदेशी जाणे त्यांना शक्य नव्हते. आपले क्षेत्र आपले घरच, असे ठरवून त्यांनी रोज सायंकाळी एकेका मुलाशी एकांतात बोलण्याचा नेम धरला. सोमवार मॉलीचा, गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. त्याच हिवाळ्यात पती लंडनला असताना रविवारची त्यांची घरगुती उपासना शेजाऱ्यांनी ऐकावयास आरंभ केला आणि ही संख्या दोनशेच्या वर गेली. स्त्रीने असे करावे काय, अशी तक्रार पतीकडे गेली. पतीची स्पष्ट आज्ञा असेल तरच हे थांबवीन, आणि मग ईश्वरापुढील जबाबदारी आज्ञा देणाऱ्याची राहील, असे त्यांनी नम्रपणे कळविले. उपासना चालू राहिली.

जॉन व चार्ल्स पुढे ऑक्सफर्डला गेले. त्यांच्या नेमस्त आचरणावरूनच मेथॉडिस्ट हे नाव रूढ झाले. चार्ल्सने सहा हजारांहून अधिक भक्तिगीते रचली. मुलींना मात्र त्याच पाठशाळेतून शिकूनही ऑक्सफर्ड लाभले नाही. बुद्धिमती व कवयित्री असलेल्या हेटीचे वैवाहिक जीवन तर दुःखातच गेले. मातेने दिलेल्या विद्येला त्या समाजात वाव नव्हता, ही खंत हे चरित्र वाचताना उरतेच.

१७३२ साली जॉनच्या आग्रहावरून सुझानाबाईंनी आपली शिक्षणपद्धती पत्रात लिहून काढली. आयुष्याच्या उमेदीची वीसहून अधिक वर्षे त्यांनी या एका कार्यास वाहिली होती. १७३५ साली पती निवर्तले आणि जुलै १७४२ मध्ये लंडन येथे, मुलांच्या सान्निध्यात, सुझानाबाईंनी देह ठेवला.

धर्म निराळा, देश निराळा. परंतु मुलाला जवळ घेऊन बसणारी माता सर्वत्र सारखीच. वर्षभरात घरातील एखादा नेम सुटला असेल, सायंकाळची शुभंकरोति मागे पडली असेल, मुलांशी बोलण्यास सवड मिळाली नसेल, तर तो नेम पुन्हा धरण्यास आजच्यासारखा दुसरा दिवस नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त त्यासाठीच आहे.