कवड्यांचा हिशेब मांडणारे भास्कराचार्य



गेल्या शुक्रवारी हिद्दच्या आपल्या वर्गात मराठीचा तास संपला आणि गणिताच्या गृहपाठाचा विषय निघाला. २ चा वर्ग गुणिले २ चा घन किती? निम्म्या मुलांनी २ चा पाचवा घात लिहिला, निम्म्यांनी सहावा. कारण मात्र कोणालाच सांगता येईना! म्हणून आज भास्कराचार्यांची ओळख करून घेऊ.

त्यांचा जन्म १११४ साली झाला. गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. वडील महेश्वर हे मोठे ज्योतिषी आणि तेच मुलाचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावतीत एक दानशूर माणूस भेटतो. पहिल्या दिवशी तो २ कवड्या दान करतो आणि पुढे रोज आदल्या दिवसाच्या दुप्पट. तर ३० दिवसांत त्याने किती निष्क दिले? निष्क हे त्या काळचे मोठे नाणे. एका निष्काच्या २०,४८० कवड्या होत.

यासाठी २ चा तिसावा घात काढावा लागतो. तिसावा घात म्हणजे ३० वेळा २ मांडून केलेला गुणाकार. एवढे गुणत कोण बसणार? आधीच्या गणितींपासून चालत आलेली एक सोपी रीत भास्कराचार्यांनी दिली आहे. घातांक सम असेल तर निम्मा करा आणि 'वर्ग' लिहा. विषम असेल तर १ वजा करा आणि 'गुणक' लिहा. ३०, १५, १४, ७, ६, ३, २, १, ० असे खाली या. मग १ पासून सुरुवात करून उलट वर चढा. जिथे 'गुणक' आहे तिथे २ ने गुणा, जिथे 'वर्ग' आहे तिथे वर्ग करा : २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ आणि १,०७,३७,४१,८२४. आठ पायऱ्यांत काम फत्ते! यातून १ वजा करून दुप्पट केली की सगळ्या कवड्या मिळतात : २,१४,७४,८३,६४६. म्हणजे १,०४,८५७ निष्क आणि वर थोडी मोड.

ही रीत चालते कशी? १४ दोनांच्या गुणाकारात आणखी एक २ मिसळला की १५ दोन होतात. म्हणून गुणाकारात घातांकांची बेरीज होते. १५ दोनांचा वर्ग केला की तोच गट दोनदा येतो, म्हणजे ३० दोन. म्हणून घाताचा घात काढताना घातांकांचा गुणाकार होतो.

जुन्या बीजगणितातल्या नावांतही हा फरक दिसतो. पाचव्या घाताला वर्ग-घन-घात म्हणत, म्हणजे वर्ग आणि घन यांचा गुणाकार. सहावा घात म्हणजे वर्गघन, वर्गाचा घन. आता शुक्रवारचे उत्तर कळले ना? ४ गुणिले ८ म्हणजे ३२, पाचवा घात!

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ साली, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ सुरू केला. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. पालकहो, घरातल्यांनी पुढच्या पिढीला शिकवले म्हणून विद्या टिकली. आपला वर्गही त्यासाठीच आहे.

करून पाहा : ३ चा दहावा घात याच रीतीने काढा. पायऱ्या फक्त पाच!