बाख घराण्यातील जुळी: आनुवंशिकता कुठे असते आणि कुठे नसते

गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत डॉक्टर घरातील आजारांबरोबर जुळ्यांबद्दलही विचारतात. बऱ्याचदा उत्तर येते ते सासरकडचे: सासरे जुळे होते, नणंदेला जुळी झाली, म्हणजे आता हिलाही होणार. हा समज किती खरा आहे, हे समजून घ्यायला सुप्रसिद्ध जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांचे आयुष्य उपयोगी पडते. बाख यांचे वडील जुळे होते. बाख यांना स्वतःलाही जुळी मुले झाली. वरवर पाहता घराण्यात जुळी असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही. पण नीट पाहिले की वेगळेच चित्र दिसते.

वडील आणि काका

योहान अम्ब्रोझिउस बाख आणि त्यांचा जुळा भाऊ योहान क्रिस्टोफ यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1645 रोजी एरफुर्ट येथे झाला. दोघेही वादक झाले. अम्ब्रोझिउस आयझेनाख गावात, तर क्रिस्टोफ आर्नश्टाट येथे नोकरीला होते. ते दिसायला इतके सारखे होते की त्यांच्या बायकांनाही कपड्यांवरूनच ओळखावे लागे, अशी आठवण बाख कुटुंबाने जपून ठेवली आहे. बोलणे, विचार आणि वादनाची पद्धतही सारखीच होती. क्रिस्टोफ 1693 मध्ये वारले आणि अम्ब्रोझिउस 1695 च्या फेब्रुवारीत.

अशा भावांना एकयुग्मजी जुळे म्हणतात. एकाच स्त्रीबीजाचे एकाच शुक्राणूने फलन होते आणि पहिल्या काही दिवसांतच त्या गर्भाचे दोन भाग होतात. हे विभाजन का होते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. मात्र ते सहसा आनुवंशिक नसते. जगात जवळजवळ सगळीकडे दर 1000 प्रसूतींमागे साधारण 4 वेळा असे घडते. देश, वंश किंवा आईचे वय बदलले तरी हा आकडा फारसा बदलत नाही.

अनाथ मुलगा आणि त्याचे लग्न

सेबास्टियन यांचा जन्म 1685 मध्ये आयझेनाखला झाला. आठ भावंडांत ते सर्वात धाकटे. 1694 मध्ये आई गेली आणि वर्षाच्या आतच वडीलही गेले. दहा वर्षेही पूर्ण न झालेल्या या मुलाला ओरड्रुफ गावातील थोरल्या भावाने सांभाळले. 1703 मध्ये त्यांना आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गनवादकाची नोकरी मिळाली.

1707 मध्ये त्यांनी मारिया बार्बारा बाख हिच्याशी लग्न केले. ती नात्यातलीच होती. तिचे वडील आणि अम्ब्रोझिउस हे सख्खे चुलतभाऊ. पुढच्या वर्षी हे दांपत्य वायमार येथे गेले. तेथे सेबास्टियन दरबारी ऑर्गनवादक होते. 1708 मध्ये मुलगी झाली, 1710 मध्ये मुलगा.

फेब्रुवारी 1713

तिसऱ्या बाळंतपणात मारिया बार्बारा 28 वर्षांची होती. 23 फेब्रुवारी 1713 रोजी तिने जुळ्यांना जन्म दिला, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचे नाव योहान क्रिस्टोफ, म्हणजे आजोबांच्या जुळ्या भावाचेच. तो त्याच दिवशी गेला. मुलगी मारिया सोफिया जेमतेम तीन आठवडे जगली आणि 15 मार्चला गेली.

त्यांच्या मृत्यूचे वैद्यकीय कारण नोंदलेले नाही. पण जुळ्यांमध्ये धोका का वाढतो, हे आज आपल्याला माहीत आहे. निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. वजन कमी असते, फुप्फुसे पक्व झालेली नसतात, दूध ओढायची ताकद नसते. त्या काळी नवजात शिशू अतिदक्षता विभाग नव्हता, प्रतिजैविके नव्हती, बाळाला ऊब देण्याची खात्रीची सोयही नव्हती.

पुढच्याच वर्षी, 8 मार्च 1714 रोजी, कार्ल फिलिप इमानुएल जन्मला. तो पुढे मोठा संगीतकार झाला. म्हणजे जुळ्यांनंतर तीन-चार महिन्यांतच मारिया बार्बाराला पुन्हा दिवस गेले होते. आज आम्ही प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेपूर्वी किमान दीड ते दोन वर्षांचे अंतर ठेवायला सांगतो, कारण आईचे रक्त आणि शरीर भरून यायला वेळ लागतो.

आजोबा जुळे, म्हणून नातवंडे जुळी?

नाही. मुलगा आणि मुलगी अशी जोडी जवळजवळ नेहमीच द्वियुग्मजी असते. आईच्या अंडाशयातून एका महिन्यात दोन स्त्रीबीजे बाहेर पडतात आणि दोन वेगळ्या शुक्राणूंनी दोन्हींचे फलन होते. ही भावंडे एकमेकांना इतर सख्ख्या भावंडांइतकीच जवळची असतात. अम्ब्रोझिउस यांचे जुळेपण वेगळ्या प्रकारचे होते. एकाच घरात दोन पिढ्यांत घडले तरी या दोन घटनांची कारणे वेगळी होती.

दोन स्त्रीबीजे सुटणे ही आईच्या शरीरातील क्रिया आहे. पतीचा, त्याच्या वडिलांचा किंवा बहिणीचा तिच्याशी संबंध नाही. हा कल मात्र काही प्रमाणात आनुवंशिक असतो. अंडाशयाला चालना देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाशी निगडित जनुकांचा त्यात वाटा आहे. ज्या स्त्रीच्या आईला किंवा बहिणीला द्वियुग्मजी जुळी झाली आहेत, तिला तशी जुळी होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दुप्पट असते.

ही जनुके पुरुषाकडेही असू शकतात. त्याच्या स्वतःच्या पत्नीवर त्यांचा परिणाम होत नाही, पण ती त्याच्या मुलीकडे जाऊ शकतात. म्हणून नणंदेला अशी जुळी झाली असतील तर तुमच्या गर्भारपणात फरक पडत नाही. तुमच्या आत्याला झाली असतील तर थोडा पडू शकतो.

दुसरा संसार

1720 च्या जुलैमध्ये सेबास्टियन राजपुत्राबरोबर कार्ल्सबाडला गेले होते. परत आले तेव्हा मारिया बार्बाराचे दफनही होऊन गेले होते. तिची एकूण सात मुले. त्यांपैकी चार मोठी झाली.

डिसेंबर 1721 मध्ये त्यांनी अ‍ॅना माग्दालेना या वीस वर्षांच्या गायिकेशी लग्न केले. 1723 मध्ये हे कुटुंब लायप्झिगला आले आणि सेबास्टियन अखेरपर्यंत तेथेच राहिले. 1723 ते 1742 या काळात अ‍ॅना माग्दालेनाला तेरा मुले झाली. शेवटच्या वेळी ती चाळीस वर्षांची होती. आईचे वय 35 च्या पुढे जाणे आणि आधी अनेक बाळंतपणे होणे, या दोन्हींमुळे द्वियुग्मजी जुळ्यांची शक्यता वाढते. तरीही तिला एकदाही जुळी झाली नाहीत. पती तोच, घराणे तेच. वाढलेली शक्यता म्हणजे खात्री नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

या तेरांपैकी सातजण लहानपणीच गेले. बाख यांच्या एकूण वीस मुलांपैकी दहाच मोठी झाली.

वंशावळीत काय राहून गेले

1735 मध्ये पन्नाशीच्या बाख यांनी आपल्या संगीतकार घराण्याची वंशावळ लिहिली. तिच्यात 53 क्रमांकित नोंदी आहेत आणि त्या सगळ्या पुरुषांच्या आहेत. घराण्याचा इतिहास म्हणून तो मोलाचा कागद आहे. पण एखाद्या स्त्रीला जुळी होण्याची शक्यता किती, हे त्यावरून सांगता येणार नाही. त्यासाठी मारिया बार्बाराची आई, आजी, बहिणी, मावश्या आणि आत्या यांच्या बाळंतपणांची माहिती हवी. आपल्याकडेही कुळाची नावे पाठ असतात, पण आईच्या आईला किती बाळंतपणे झाली हे कोणी सांगू शकत नाही.

आयुष्याच्या अखेरीस बाख यांची दृष्टी गेली. 1750 मध्ये त्यांच्या डोळ्यांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण त्या अयशस्वी ठरल्या. प्रकृती ढासळत जाऊन 28 जुलै 1750 रोजी लायप्झिग येथे त्यांचे निधन झाले.

तुमच्यासाठी महत्त्वाचे

- तपासणीला जाण्यापूर्वी आई, मावशी, आजी आणि आत्या यांना जुळी झाली होती का, हे विचारून घ्या. ती मुलगा-मुलगी होती की अगदी सारखी दिसणारी, हेही विचारा.
- एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचा इतिहास कोणत्याही बाजूचा असला तरी सहसा तुमची शक्यता वाढत नाही.
- स्त्रीबीज तयार होण्याची औषधे आणि आयव्हीएफमध्ये एकाहून अधिक गर्भ सोडणे यांमुळे जुळ्यांची शक्यता घरच्या इतिहासापेक्षा कितीतरी जास्त वाढते. जुळी व्हावीत म्हणून अशा गोळ्या स्वतःहून घेऊ नका. अंडाशय धोकादायक प्रमाणात सुजू शकतात आणि तिळी किंवा त्याहून अधिक गर्भही राहू शकतात.
- जुळी आहेत असे कळले तर 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोन्ही बाळांची वार एकच आहे की वेगळी, हे नोंदवून घ्या. वार एक असेल तर 16 आठवड्यांपासून साधारण दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते.
- जुळ्यांच्या गर्भारपणात रक्तक्षय, रक्तदाब आणि मुदतपूर्व प्रसूतीचा धोका जास्त असतो. लोहाच्या गोळ्या आणि तपासण्या चुकवू नका. नवजात शिशू अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय आधीच ठरवून ठेवा.
- पोटात वारंवार कळा, पाणी जाणे, रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी किंवा बाळांची हालचाल कमी वाटणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

जुळी झाली किंवा झाली नाहीत, यात स्त्रीचा दोष नसतो आणि घराण्याचे श्रेयही नसते. मारिया बार्बाराची दोन्ही बाळे गेली. तशी बाळे आज वाचू शकतात. त्यासाठी जुळी आहेत हे लवकर कळायला हवे आणि पुढची देखरेख वेळेवर व्हायला हवी.