४२.३४ मीटरवरच्या उषाबेन

एक छोटंसं गणित करा. प्रकाशाचा वेग घ्या आणि त्याला ४२.३४ मीटरने भागा. उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ. हॉस्टेलवर ज्यांना हॅम रेडिओचा किडा चावलाय त्यांना हा आकडा लगेच ओळखीचा वाटेल. आपला ४० मीटरचा बँड हाच! मी सध्या याच बँडच्या घरगुती ट्रान्सीव्हरसाठी पार्ट्‌स जमवतेय आणि १९४२ साली याच आकड्यावर मुंबईतून बावीस वर्षांची एक मुलगी बोलत होती. उषा मेहता. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला, तेव्हापासून नाव बऱ्याच जणांना माहीत झालंय. मला मात्र सिनेमापेक्षा त्या सेटचीच उत्सुकता जास्त होती.

उषाबेनचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतजवळच्या सरस गावचा. वडील ब्रिटिश सरकारात न्यायाधीश, म्हणजे घरात चळवळीला फारसा वाव नाही. तरी १९२८ साली, आठव्या वर्षी, सायमन कमिशनविरुद्धच्या मोर्चात त्या घोषणा देत होत्या. वडील १९३० मध्ये निवृत्त झाले, पुढे कुटुंब मुंबईला आलं आणि मग घरचा अडसर राहिला नाही. विल्सन कॉलेजमधून तत्त्वज्ञान घेऊन १९३९ ला पदवी, त्यानंतर कायद्याचा अभ्यास. तो अर्धाच राहिला, कारण मध्ये ऑगस्ट १९४२ आला.

८ ऑगस्टला गोवालिया टँकवर ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे सगळे मोठे पुढारी आत. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कुठे काय चाललंय हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना. उषाबेन, बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी आणि चंद्रकांत झवेरी अशा काही तरुणांनी ठरवलं की आपला स्वतःचा रेडिओ काढायचा. यातला एकही रेडिओ इंजिनिअर नव्हता!

आता पार्ट्‌सचा प्रश्न आपण इंजिनिअर लोकांनी जरा समजून घ्यायला हवा. मी जो सेट बनवतेय त्याचं नाव बिटएक्स. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी तो मुद्दाम अशा पार्ट्‌सवर बसवला की ते आपल्याकडच्या साध्या दुकानात मिळावेत. परदेशी टोरॉइड मिळत नाही? मग नळाच्या वायसरवर कॉइल गुंडाळा. खरंच! फिल्टरसाठी १० मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल मूठभर आणायचे आणि त्यातले एकमेकांशी जुळणारे निवडायचे. ऑसिलेटरमध्ये वाटेल तो सिरॅमिक कपॅसिटर चालत नाही, एनपीओच हवा, नाहीतर सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा बंद पडला की फ्रिक्वेन्सी सरकत जाते. पॉवर स्टेजला आयआरएफ ५१०. इन्व्हर्टर रिपेअरवाल्याकडे झेड ४४ पटकन मिळतो, पण त्याचं इनपुट कपॅसिटन्स जवळजवळ दसपट. ७ मेगाहर्ट्‌झवर तो सगळा ड्राइव्ह खाऊन बसतो. म्हणजे एकेक पार्ट निवडताना मिळतं काय आणि चालतं काय, ही ओढाताण. पण फार फार तर काय होईल? दुकानदार नाही म्हणेल, मी पुण्याला जाईन.

१९४२ ला चित्र वेगळं होतं. १९३९ ला महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते. त्यामुळे ट्रान्समीटरचा एखादा पार्ट मागायला जाणं हेच संशयाला आमंत्रण. म्हणून त्यांनी आधी माणूस शोधला. नरिमन प्रिंटर यांच्याकडे युद्धापूर्वी हॅमचा परवाना होता. सुट्टे भाग जमवून ट्रान्समीटर उभा केला तो त्यांनी. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी साहित्य दिलं, असा आरोप पुढे कोर्टात झाला. त्यातून ते सुटले.

लहर निवडली तीही हुशारीने, असं मला वाटतं. ७ मेगाहर्ट्‌झची लहर आयनोस्फिअरवरून परत खाली येते, त्यामुळे थोड्या पॉवरमध्ये शेकडो किलोमीटर गाठता येतात. अर्ध्या लहरीची तार जेमतेम २० मीटर, म्हणजे चाळीच्या गच्चीवरही मावेल.

२७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ हवेत गेला. ठिकाण अर्थातच सांगायचं नाही, भारतात कुठून तरी एवढंच. एका जागी राहिलं की पकडले जाणार, म्हणून दर थोड्या दिवसांनी घर बदलायचं, सेट उचलून न्यायचा. बातम्या द्यायच्या त्या पेपरात न येणाऱ्या. चिमूर-आष्टीची बातमी त्यांनी सांगितली. पोलीस रोज ऐकत होते आणि शब्दन् शब्द उतरवून घेत होते. गंमत बघा, त्या काळात रेडिओवर काय बोललं गेलं हे आज आपल्याला कळतं ते बरंचसं पोलिसांच्या त्या कागदांमुळेच!

नेमक्या त्याच दिवसांत आपल्या भागात काय चाललं होतं? मी मूळची सातारची, शिकते सांगलीत. तेव्हा यातला बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला, ९ सप्टेंबरला वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह माणसं मेली. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्यातलं कुंडल तर इथून तासाभरावर. (आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात हे सगळं एका ओळीत संपलं होतं.) अच्युतराव पटवर्धन हे या दोन गोष्टींना जोडणारं नाव. राममनोहर लोहियांबरोबर त्यांनी काँग्रेस रेडिओला हातभार लावला आणि नंतर सातारच्या भूमिगत चळवळीतही ते होते.

रेडिओ तीन महिनेही टिकला नाही. आणि घात केला तो कुठल्या पार्टने नाही. व्हॉल्व्ह गेला तर दुसरा आणता येतो, आवाज बसला तर दुसरं कोणी बोलतं. सेट बनवणारा मात्र एकच होता, त्याला स्पेअर नव्हता. पोलिसांनी प्रिंटर यांना धरलं आणि ते फुटले. मला त्यांचा राग येतो, पण पोलीस कोठडीत काय झालं असेल याचा विचार केला की तो पूर्ण टिकत नाही. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावच्या पारेख वाडीत कार्यक्रम चालू असतानाच पोलीस आत शिरले. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी जागेवर पकडले गेले.

पुढचे सहा महिने चौकशी, त्यातही बराच काळ एकांतवास. त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. खटल्यात प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांतना एक. विठ्ठलभाई निर्दोष सुटले. येरवड्याचा तुरुंगवास संपला तो १९४६ ला.

सुटल्यावर तब्येत पार बिघडलेली होती, त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ च्या सोहळ्यालाही त्या जाऊ शकल्या नाहीत. नंतर गांधीजींच्या विचारांवर पीएच.डी. केली आणि पुढे राज्यशास्त्र शिकवलं, १९८० ला मुंबई विद्यापीठातून निवृत्त झाल्या. विचार करा, वर्गात पुढे बसलेल्या किती पोरांना माहीत असेल की आपल्या मॅडम एकेकाळी फरार स्टेशनच्या निवेदिका होत्या! राजकारणात पद घेतलं नाही. मणिभवनच्या कामात राहिल्या, खादी कायम. १९९८ ला पद्मविभूषण मिळालं. दर ९ ऑगस्टला गोवालिया टँकवर, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, त्या न चुकता जायच्या. २००० सालीही ताप अंगावर काढून गेल्या आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्टला, वारल्या.