हैदराबादचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम



सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेत एक प्रश्न हमखास येतो. आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक कधी जिंकले? मुलं पाठ केलेलं उत्तर देतात : १९५१ दिल्ली आणि १९६२ जाकार्ता. पण दोन्ही वेळचा प्रशिक्षक एकच होता आणि तो मुळात शाळामास्तर होता, हे किती मुलांना सांगतो आपण? 'मैदान' हा हिंदी चित्रपट आल्यापासून नाव तरी लोकांच्या कानावर पडलं. चित्रपटापेक्षा त्यांचं शिकवणं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून हा लेख.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादचा. तेव्हा तिथे निजामाचं राज्य होतं, आपला मराठवाडाही त्याच राज्यात. उस्मानिया विद्यापीठात शिकून ते शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट अशा भागांतल्या शाळांत त्यांनी शिकवलं. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि फळ्यासमोरचे मास्तर मैदानावर आले. स्वतः चांगले खेळत, पण त्यांचं नाव झालं ते खेळाडू घडवण्यात.

आता त्यांची शिकवण्याची रीत बघा. बहुतेक मुलं एकाच पायाने चेंडू मारतात, दुसरा पाय नुसता उभं राहायला. रहीमसाहेबांनी अशा स्पर्धाच भरवल्या, की ज्यांत फक्त कमजोर पायाने खेळायचं! चांगल्या पायाला सुट्टी. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायात घोळवत पळायलाच बंदी. आला की लगेच साथीदाराला द्यायचा. रागावणं नाही, लांबलचक उपदेश नाही. नियम असा करायचा की मुलाला ते शिकल्याशिवाय खेळताच येऊ नये. वर्गात गटकार्य घेताना जो एकच हुशार मुलगा सगळं उरकून टाकतो, त्याच्यासाठीही ही युक्ती करून बघण्यासारखी आहे.

या तालमीचं फळ मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं. रहीमसाहेबांचा हैदराबाद सिटी पोलीस संघ कूपरेजवरच्या रोव्हर्स चषकात १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं विजेता ठरला.

सगळंच गोड नव्हतं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. चारच वर्षांनी मेलबर्नला भारत उपांत्य फेरीत पोहोचला. तिथवर जाणारा तो आशियातला पहिला संघ. ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवताना मूळ गोव्याच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. शेवटी चौथा क्रमांक मिळाला, पदक हुकलंच.

आणि मग १९६२, जाकार्ता. इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना यजमान इंडोनेशियाने येऊ दिलं नव्हतं. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि तिथली जनता भारतावर खवळली. भारतीय दूतावासावर जमाव चालून गेला. आपली पोरं मैदानात उतरली की हुर्यो व्हायची. पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. पुढे थायलंडविरुद्ध बचावफळीचा कणा जर्नेल सिंग याचं डोकं फुटलं, टाके पडले.

असा खेळाडू बाहेर बसवायचा की खेळवायचा? रहीमसाहेबांनी तिसराच मार्ग काढला. जर्नेल कॉलेजात असताना आघाडीवर खेळायचा, म्हणून त्याला बचावातून काढून थेट पुढे उभं केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला. अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. गोलरक्षक पीटर थंगराज आजारपणामुळे आधीच्या सामन्यांत बाहेर होता. त्याला नेमकं या सामन्यासाठी परत आणलं. ४ सप्टेंबर १९६२ रोजी लाखभर विरोधी प्रेक्षकांसमोर पी. के. बॅनर्जी आणि टाके पडलेल्या जर्नेलने पहिल्या अर्ध्यातच एकेक गोल केला. भारत २-१ ने जिंकला. अंतिम सामन्याआधी रहीमसाहेबांनी खेळाडूंकडे भेट म्हणून सुवर्णपदक मागितलं होतं, अशी आठवण ते खेळाडू पुढे सांगत.

त्या भेटीमागे काय होतं, ते नंतर उमगलं. ११ जून १९६३ रोजी, जाकार्तानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय ५३. मुलगा सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होता, पुढे तो आंतरराष्ट्रीय पंच झाला. भारताला मात्र आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर एकदाही मिळालेलं नाही. १९७० मध्ये बँकॉकला कांस्य मिळालं, तेवढंच.