पंडिता रमाबाई आणि दानाचा हिशेब

पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांत कोणाला त्यांचे बायबलचे भाषांतर आठवते, तर कोणाला 1905 साली मुक्तीत झालेले संजीवन. या लेखात बाईंच्या जीवनाची एकच बाजू पाहावयाची आहे. पैशाकडे आणि भुकेल्या माणसाकडे त्यांनी कसे पाहिले, ती. या विषयावर बोलण्याचा जेवढा अधिकार त्यांना होता तेवढा फार थोड्यांना असतो. सढळ हाताने दान करणारे घर त्यांनी पाहिले होते, अन्नावाचून मेलेले घरही पाहिले होते, आणि ते एकच घर होते.

बाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. लोकांचा रोष पत्करून त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले. घरी विद्यार्थी, अतिथी, यात्रेकरू यांचा राबता असे. आलेल्याला विन्मुख पाठवायचे नाही हा शास्त्रीबुवांचा नेम होता. त्यात जमीनजुमला गेला, कर्ज झाले, आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा तान्ही होती. पुढे वर्षानुवर्षे देवळांतून पुराण सांगावे, श्रोते देतील ते घ्यावे, आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे दानधर्मात घालावे असा क्रम चालला. दिवस वाईट आले तेव्हा हात आखडला नाही, उलट सैल झाला. देव प्रसन्न व्हावा म्हणून जपजाप्य, अनुष्ठाने, ब्राह्मणांना दक्षिणा यांवर उरलेला पैसा गेला.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. दागिने, वस्त्रे, शेवटी तांब्यापितळेची भांडी विकली. शास्त्र्याच्या घराण्याने मजुरी कशी करावी आणि भीक तरी कशी मागावी? झाडपाल्यावर दिवस काढण्याची पाळी आली. 1874 च्या सुमारास वडील गेले, त्यांच्यामागून आई, आणि थोड्याच काळात थोरली बहीण.

अनंतशास्त्री कृपण नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. आपल्यांतल्या पुष्कळांपेक्षा त्यांनी अधिक दिले. परंतु ते दान वर चढत होते, देवाकडून काही परत यावे म्हणून. त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. उपदेशाच्या निमित्ताने मी अनेक मंडळ्यांत जातो. मुलाला नोकरी लागली की उपकारस्तुतीचे पाकीट येते, आजार बरा झाला की येते, आणि व्यासपीठावरून नाव वाचले गेले नाही तर पुढच्या रविवारी तोंड फिरविलेले असते. दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेचे नाव मात्र प्रभूनेही सांगितले नाही.

मागे उरलेली रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देशभर भटकली. मूठभर धान्य भिजवून मिठाबरोबर खावे, नाहीतर रानची फळे. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या तिने हे सर्व नुकतेच सोसले होते. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला, आणि 1882 साली तेही वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन बाई पुण्यास आल्या, तेथून 1883 साली इंग्लंडला गेल्या.

तेथे लंडनजवळ फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींचे एक गृह त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या, पतित म्हटलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा होत असे. अशा स्त्रियांना जवळ घेण्याची आज्ञा कोणत्या धर्माने दिली, याचा त्या शोध घेऊ लागल्या, आणि शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीपाशी येऊन थांबल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

पुढे अमेरिकेत 1887 साली बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी संघ स्थापन झाला व त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. बाई व्यवहारात कच्च्या नव्हत्या. दहा वर्षे संपल्यावर काय, याचा विचार करून त्यांनी केडगावला शेत घेतले. विहिरी खणल्या, फळझाडे लावली. पुढे सदनाने आपल्या पायावर उभे राहावे असा बेत होता.

तो बेत सरळ पार पडायचा नव्हता. 1896-97 साली मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नर्मदेपलीकडच्या मुलखात, दुष्काळ पडला. बोस्टनचा पैसा उच्चवर्णीय विधवांच्या सदनासाठी होता. रानोमाळ भटकणाऱ्या, कोणत्याही जातीच्या पोरक्या पोरींसाठी त्यात तरतूद नव्हती. हिशेबाने पाहिले तर बाईंनी पुण्यातच राहावयास हवे होते. परंतु वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक त्यांना बसू देईना. त्या निघाल्या. दुष्काळी छावण्यांतले हाल पाहिले, आणि उपाशी मुलींना खाऊचे आमिष दाखवून पळविणारी माणसेही पाहिली. सुमारे 300 मुली त्यांनी आपल्याकडे घेतल्या. उद्याच्या जेवणाचे पैसे कोठून येणार हे ठाऊक नसताना घेतल्या.

पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. तेव्हा त्या केडगावच्या शेतात गेल्या आणि झोपड्या-तंबूंत मुक्ती सदन सुरू झाले. म्हणजे जे शेत उत्पन्नासाठी घेतले होते तेच अनाथांचे घर झाले. मला वाटते, देव आपल्या अंदाजपत्रकात अशीच खाडाखोड करतो.

त्यानंतर 1899-1900 चा दुष्काळ आला. आपल्या माळव्यात जुनी माणसे त्याला छप्पनिया म्हणत. गुजरातेतून बाईंच्या माणसांनी मुली आणल्या आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली. त्याच वर्षी इकडे कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशननेही पोरकी मुले सांभाळली. इंदूर-धारकडच्या किती तरी ख्रिस्ती घराण्यांचे मूळ त्या अनाथालयांत आहे. कोणाची पणजी कोणाच्या दारात भुकेली उभी होती हे आपण घरात सहसा बोलत नाही.

मुक्तीत फुकटचे बसून खाणे नव्हते. शेती, गाईगुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, अशी कामे मुली शिकल्या. आंधळ्यांना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकविले. फुलहॅमला पाहिले तसे गृह कृपा सदन या नावाने येथेही झाले. 1907 साली बाईंनी आपली साक्ष इंग्रजीत लिहिली आणि तिच्या नावातच ख्रिस्ताला कधीही न सरणारे धन म्हटले.

अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल उतरविण्यात घालविली. 1921 साली मनोरमाबाई वारल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाईही गेल्या. ते बायबल 1924 साली पूर्ण होऊन निघाले. त्याचे खिळे जुळविण्याचे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी केले होते.