विल्यम वूलेट
विल्यम वूलेट (१५ ऑगस्ट, इ.स. १७३५ – २३ मे, इ.स. १७८५) हे इंग्लिश उत्कीर्णक होते. बेंजामिन वेस्ट यांच्या ‘जनरल वुल्फचा मृत्यू’ या ऐतिहासिक चित्रावरून त्यांनी ताम्रपटावर केलेले उत्कीर्णन विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन
वूलेट यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील मेडस्टोन येथे झाला. लंडनमध्ये जॉन टिनी या उत्कीर्णकाकडे त्यांनी उमेदवारी केली, तसेच सेंट मार्टिन्स लेन येथील कलाशाळेत शिक्षण घेतले. रिचर्ड विल्सन यांच्या ‘नायोबी’ या चित्रावरून त्यांनी केलेले उत्कीर्णन इ.स. १७६१ मध्ये जॉन बॉयडेल यांनी प्रकाशित केले. तोवर अशी मुद्राचित्रे इंग्लंडमध्ये प्रामुख्याने फ्रान्समधून येत असत. ‘नायोबी’च्या यशानंतर इंग्लिश मुद्राचित्रांना परदेशांतही मागणी येऊ लागली. इ.स. १७७५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याचे उत्कीर्णक म्हणून वूलेट यांची नेमणूक झाली.

जनरल वुल्फचा मृत्यू
१३ सप्टेंबर, इ.स. १७५९ रोजी क्वेबेकच्या लढाईत ब्रिटिश सेनापती जेम्स वुल्फ विजयाच्या क्षणी मरण पावला. वेस्ट यांनी हा प्रसंग इ.स. १७७० मध्ये चित्रित केला. पात्रांना प्राचीन ग्रीक-रोमन वेशाऐवजी तत्कालीन लष्करी गणवेश दिल्यामुळे या चित्राविषयी वाद झाला. मूळ चित्र एकाच संग्रहात असल्याने ते थोड्यांनाच पाहता येत होते. इ.स. १७७६ मध्ये वूलेट, बॉयडेल आणि विल्यम रायलंड यांनी मिळून त्याचे मुद्राचित्र प्रकाशित केले. त्याची विक्री मोठ्या प्रमाणावर झाली आणि हा प्रसंग ब्रिटनमध्ये व युरोपात घरोघरी पोहोचला.

तंत्र
वूलेट अम्लरेखन आणि कोरणीचे काम यांचा मेळ घालीत. प्रथम आम्लाच्या साहाय्याने रेषा उमटवून नंतर कोरणीने त्या खोल व ठळक केल्या जात. मुद्राचित्रात रंग नसल्यामुळे धूर, आकाश आणि गणवेश यांतील भेद केवळ रेषांची जाडी, दिशा व घनता यांतून दाखवावा लागे. अधिक प्रती काढल्यावर तांब्यावरील रेषा झिजत. म्हणून आरंभीच्या प्रतींना अधिक किंमत येई.

मान्यता आणि वारसा
इ.स. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीने उत्कीर्णकांना पूर्ण सदस्यत्व नाकारले. दुसऱ्याच्या चित्राची नक्कल ही स्वतंत्र निर्मिती नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. वेस्ट हे अकॅडमीचे संस्थापक सदस्य होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. त्यांच्या चित्राला व्यापक प्रसिद्धी मिळवून देणारे वूलेट मात्र इन्कॉर्पोरेटेड सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स या संस्थेत राहिले व काही वर्षे तिचे सचिव होते. उत्कीर्णकांवरील हे बंधन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकले.

वूलेट यांचे लंडन येथे निधन झाले. ओल्ड सेंट पँक्रस येथील दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये शिल्पकार टॉमस बँक्स यांनी घडविलेले त्यांचे स्मारक आहे.