जॉन ग्रेगरी आणि आफ्रिकेची खचदरी

पूर्व आफ्रिकेतून उत्तर-दक्षिण पसरलेली प्रचंड दरी नदीने कोरलेली नसून जमीन खचून तयार झाली आहे, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन दाखवणारे भूवैज्ञानिक म्हणजे जॉन वॉल्टर ग्रेगरी. त्यांचा जन्म २७ जानेवारी १८६४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील लोकरीचे व्यापारी. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्रेगरी त्याच व्यापारात कारकून म्हणून लागले. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी बर्कबेक संस्थेचे वर्ग, असे करत ते भूविज्ञान शिकले. १८८७ मध्ये त्यांना ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात नोकरी मिळाली.

ही दरी भूकवचाला पडलेल्या भेगांमुळे झाली असावी, असे अनुमान व्हिएन्नाचे एडवर्ड झ्यूस यांनी प्रवाशांच्या नोंदींवरून १८९१ मध्ये मांडले होते. मात्र, ते स्वतः तेथे गेले नव्हते. पुढच्याच वर्षी ग्रेगरी पूर्व आफ्रिकेकडे निघालेल्या एका मोहिमेत सामील झाले. पण ती मोहीम मोडली. परत न फिरता १८९३ मध्ये ते सुमारे ४० हमाल घेऊन मोंबासाहून स्वतःच निघाले. बॅरिंगो सरोवराच्या परिसरातील खडकांचे थर त्यांनी तपासले. दरीचे काठ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत होते. नदी थर झिजवते, पण ते खाली सरकवत नाही. येथे तर थरच तुटून खाली सरकले होते. समांतर प्रस्तरभंगांमधला पट्टा खचला होता. अशा भूरूपाला ‘रिफ्ट व्हॅली’ हे नाव ग्रेगरी यांनीच रूढ केले. शालेय भूगोलात नर्मदेच्या संदर्भात भेटणारी ‘खचदरी’ ती हीच. याच प्रवासात ते माउंट केनियाच्या हिमनदीपर्यंतही चढले.

पुढे ते मेलबर्न आणि नंतर ग्लासगो येथे प्राध्यापक झाले. १९१९ मध्ये ते पुन्हा आफ्रिकेत गेले आणि १९२१ मध्ये या दऱ्यांवरचा त्यांचा दुसरा ग्रंथ आला. जमीन ताणली गेल्याने खचते की दोन्ही बाजूंच्या दाबामुळे, हा वाद त्या काळी रंगला होता. तो ताणाच्या बाजूने सुटला. आफ्रिकेचे दोन भाग आजही वर्षाला काही मिलिमीटर वेगाने एकमेकांपासून दूर जात आहेत. खंड सरकतात ही कल्पना मात्र ग्रेगरी यांना पटली नव्हती.

त्यांच्या चित्रातही पुढे बदल झाला. सरोवरांच्या तळाखालच्या थरांचे सर्वेक्षण झाल्यावर दिसले, की अनेक ठिकाणी मुख्य प्रस्तरभंग एकाच बाजूला असतो आणि दरीचा तळ त्याच्याकडे कलतो. बाजू बदलत बदलत अशी खोरी एकापुढे एक जोडली जातात.

२ जून १९३२ रोजी पेरूमध्ये अँडीज पर्वताचा अभ्यास करताना उरुबांबा नदीत नाव उलटून ६८ वर्षांच्या ग्रेगरी यांचा मृत्यू झाला. केनियातील खचदरीला आज ‘ग्रेगरी रिफ्ट’ म्हणतात. तेथील ओल्कारियामध्ये जमिनीखालच्या उष्णतेवर वीज तयार होते. भूकवच ताणून पातळ झाल्यामुळेच ती उष्णता इतकी वर आली आहे.